चारही चाकं जुंपलेली जीप

शेवटचं भेटायला गेले तेव्हा श्रावणभाऊजींनी मला पाहून उजवा हात उचलला. नमस्कार करताहेत असं वाटून मीही हात जोडले, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. बोरगाव मेघेला मुलाच्या घरी, पुढच्या खोलीतल्या पलंगावर निजलेले. लकव्यानं डावं अंग गेलं होतं आणि सोबत बोलणंही. त्यांना काहीतरी हवं होतं. मी पाणी पुढे केलं... नको. उशी सरकवली... नको. चष्मा, पांघरूण, पंखा... नको, नको, नको. त्यांची बायको कमल, म्हणजे माझी धाकटी जाऊ, दारात उभी राहून म्हणाली, "बाई, रोज असंच चालू हाय. साऱ्या घरातलं सामान दाखवून झालं यायले." मला काही सुचेना, म्हणून मी तोंडातली कवळी काढून त्यांच्यापुढे धरली. "हे पाह्यजे का भाऊजी?" अर्ध्या तोंडानं का होईना, हसले. पण काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग काही दिवसांनी पुतण्याचा फोन आला, "मोठी आई, बाबा गेले." त्याला आता महिना होऊन गेला.

भाऊजी म्हणजे माझे दीर. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मी आर्वीजवळच्या त्या खेड्यात सून म्हणून आले. आमचे हे दुसऱ्या गावी मास्तर, आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यामुळे बोलायला, भांडायला, खोड्या काढायला बरोबरीचे असे भाऊजीच. मी वर्ध्याला सातवी पास झालेली. सातवी पास सून म्हणजे त्या गावात जवळजवळ कलेक्टरच! निदान मला तसं वाटायचं. माझ्या अंगात इतकं शहाणपण होतं की कुणी मागितलं नाही तरी मी ते वाटत फिरायची.

भाऊजींना शेतीत गोडी नव्हती. वखर दिसला की तोंड उतरायचं. फार मागे लागले तेव्हा सासऱ्यांनी, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, एक बैलजोडी विकून लढाईतली जुनी जीप लिलावात घेऊन दिली. स्टिअरिंग डावीकडे, टप कापडाचा, रंग शेवाळासारखा. गावातून आर्वीच्या बाजाराला माणसं न्यायची, आणायची. जीप अंगणात शिरली त्याच दिवशी मामाजींनी सांगून टाकलं, "पोट्ट्या, पुढचे दोन टायर नवे टाकून देल्ले. याच्यावर तिनं एक जरी टायर मागतला, त मी तिले विकतो अन् तुले वखरामागं उभा करतो." मामाजी एकदाच बोलायचे. त्यामुळे त्या दिवसापासून भाऊजींचं सगळं आयुष्य त्या दोन टायरांवर उभं होतं.

त्या जीपला मुख्य गिअरच्या उजव्या अंगाला दोन छोटे दांडे होते. त्यातला एक मागे ओढला की पुढची चाकंही गाडी ओढायला लागत. भाऊजींनी पहिल्याच दिवशी तो ओढला आणि तसाच ठेवला. मी विचारलं, नेहमी कशाला? तर म्हणाले, "वयनी, चार बैल जुंपले अन् दोघं नुसतेच संगं चालले, त त्याईले कडबा काऊन घालाचा?" मला हे इतकं पटलं की मी चार घरी जाऊन सांगून आले. एकदा त्यांनी तो दांडा पुढे ढकलून पाहिला होता म्हणे, पण हलेना. मग गाडीचीच तशी मर्जी आहे असं समजून सोडून दिलं. त्यातून सासूबाईंच्या नवसासाठी आम्ही सगळे गिरडला गेलो. वाटेत एका नाल्यात चिखल असा की बैलगाड्या खोळंबलेल्या, आणि आमची जीप आठ माणसं घेऊन गुरगुरत पलीकडे! भाऊजींनी मागे वळून पाहिलं ते गड जिंकल्यासारखं. त्यानंतर त्या दांड्याला हात लावणं म्हणजे देवाचा अपमान.

आणि टायर झिजायला लागले. साधे झिजले असते तर गोष्ट वेगळी. भाऊजी माझा हात धरून टायरवरून फिरवायचे. एकीकडून फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत. एक कड गोटा झालेली, दुसरीवर अजून नक्षी शाबूत. डांबरी सडकेवर वळण आलं की टायर किंचाळायचे, स्टिअरिंग हातात झटके द्यायचं. भाऊजींनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, पुढची चाकं तिरपी आहेत असं ठरवलं, सळई फिरवून सरळ केली. दुसऱ्या दिवशी काठीनं मोजून पुन्हा थोडी आत वळवली. टायरांची अदलाबदल केली. सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली. काही म्हणता काही फरक पडेना.

मग मी लक्ष घातलं. एका बाजूनं झिजतात म्हणजे वजन एका बाजूला पडतं, हे माझं सातवीतलं गणित! दर बाजाराच्या दिवशी मी जीपजवळ उभी राहून माणसं जाडीप्रमाणे बसवायला लागले. पाटलीणबाईंना म्हटलं, तुम्ही उजवीकडे बसा. "काऊन वं?" म्हणाल्या. मी टायरचं सांगितलं. "मी का कापसाची गाठ हाय? कुठं रचाची ते तू ठरवशील?" त्या उतरल्या त्या उतरल्याच, सोबत तिघी जणींनाही घेऊन गेल्या. भाऊजी म्हणाले, "वयनी, तुमी आता टायर सोडा. तुमी पापड लाटा."

कापूस निघायच्या सुमाराला पुढचा टायर फाटला. भाऊजींनी तो काढून अंगणात आडवा ठेवला आणि शेजारी बसून राहिले. मामाजी शेतातून आले, टायरकडे पाहिलं, हातपाय धुतले, जेवले. जेवून उठताना म्हणाले, "लाकडाच्या ठेकेदाराले मी जबान देल्ली. उद्या आर्वीले नेऊन देजो."

मला माहेरी जायचं होतं, म्हणून आर्वीच्या बसपर्यंत मी जीपमधून निघाले. जुना राखीव टायर चढवलेला. मी भाऊजींच्या उजवीकडे, पायाशी माझी पत्र्याची पेटी. एका अरुंद पुलावर समोरून कापसाच्या गाड्या आल्या, म्हणून भाऊजींनी जीप मागे घेतली. मागे जाताना धक्का बसला, पेटी सरकली आणि तिचा कोपरा त्या दांड्यावर आदळला. खट्... दांडा पुढे गेला. मी घाबरले, आता हेही माझ्याच नावावर. गाड्या गेल्या, भाऊजींनी जीप पुढे घेतली, आणि ती अशी निघाली की जणू कुणी तिच्या मानेवरचं जू काढलं! पुढे वळण आलं. टायर ओरडले नाहीत. स्टिअरिंगनं झटका दिला नाही.

भाऊजींनी जीप थांबवली. दांडा मागे ओढला, त्याच वळणावरून पुन्हा गेले... किंचाळी. जीप थोडी मागे घेतली तेव्हा दांडा सहज सुटला, आणि पुन्हा सगळं शांत. मग ते खाली उतरून पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. "वयनी, वळणावर पुढच्या चाकाले जास्त चालाव लागते, मागच्याले कमी. अन् मी त्याईले एकाच जुवाले बांधून ठेवलं. चिखलात पाय घसरते, म्हणून भागते. इथं घसराले जागा नाई. थे एकमेकाले फरफटत होते हो..." दोरीचा पीळ उलटा फिरवल्यावर सुटतो तसा मागे जाताना तो दांडा सुटत होता, इतकंच.

मी उडी मारून खाली उतरले. "मंग चला परत! मामाजीले सांगू." म्हणाले, "बाबानं जबान देल्ली." मी म्हटलं, जबान असू द्या, इंजिन जळलं म्हणून सांगू, मी रडून दाखवते. रडण्यात मी तरबेज होते. ते हसले आणि हसता हसता त्यांनी तोंड वळवलं. आर्वीपर्यंतचा उरलेला रस्ता ते इतके हळू गेले की बैलगाड्या पुढे निघून गेल्या.

ठेकेदाराच्या ड्रायव्हरला त्यांनी दांडा दाखवला, टायरवरून हात फिरवायला लावला. "भाऊ, पक्क्या सडकेवर हा लावू नको. चिखल लागला तरच." ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणाला, "चार हाय त चारच चालवीन. फुकट काऊन फिरवू?" कालपर्यंत भाऊजी स्वतः हेच म्हणत होते.

पुढे वखर धरला, बरीच वर्षं धरला. मग आर्वीच्या डेपोत नोकरी लागली, कमल आली, मुलं झाली. पण मला आठवते ती त्याच वर्षीची, मी माहेराहून परतले त्या दिवसाची गोष्ट. भाऊजी न्यायला आले होते. स्टँडसमोर आम्ही चहा घेत होतो. तिकडून वळणावर टायर किंचाळले आणि भाऊजींचा कप ओठांपाशी थांबला. मागे न वळताच म्हणाले, "लावलाच त्यानं." जीप समोरून गेली, लाकडं भरलेली. मी म्हटलं, जा, थांबवा, सांगा. "सांगतलं न एकदा. गाडी त्याची हाय." आवाज दूर जाईपर्यंत त्यांनी कप खाली ठेवला नाही आणि चहाही घेतला नाही.

तेव्हापासून जन्मभर ते तसंच. कुठल्याही वळणावर कुठलीही गाडी ओरडली की त्यांचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. घास हातात, कंगवा केसात, पेन सहीच्या अर्ध्यात. आम्ही हसायचो. पोरं मुद्दाम तोंडानं तसा आवाज काढायची.

तेरवीच्या दिवशी बोरगावला पंगत बसली होती. वरणाचं पातेलं फिरत होतं, माणसं बोलत होती. घरापुढच्या वळणावर कुठलीशी गाडी जोरात वळली आणि टायर किंचाळले. माझा हात घासासकट थांबला. वर पाहिलं तर समोर वाढणाऱ्या कमलचा डावही वरणात तसाच थांबलेला. आम्ही दोघी दाराकडे पाहत राहिलो. आवाज हळूहळू दूर गेला.

"जेवा बाई," कमल म्हणाली. "गेली थे."