काळूदादाचा न दिसणारा उजेड

काळूदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत त्याच्याच टेबलाशी उभी होते. कावीळ झाली म्हणून तो धसईला घरी गेला होता. परत येईल असंच आम्ही धरून चाललो होतो. समोर डबीत त्याची चिप होती... अजून न तपासलेली.

आटगावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुंबईच्या या प्रयोगशाळेत सुरुवातीला कोणाशी काय बोलावं कळायचं नाही. दादा संशोधन करणारा सीनियर. माझं गाव ऐकून म्हणाला, "मंग तू आमचीच गो! लाजतेस कशाला? हितं सगलेच चुकतात, फक्त इंग्लिशमधी." तो ग्राफाइटच्या तुकड्यावरून चिकटपट्टीने थर सोलत बसायचा, कार्बनचा एका अणूइतका पातळ थर हाती लागेपर्यंत. तेच ग्राफीन. चिपवर केसाहून बारीक पाटातून प्रकाश जातो. वर ग्राफीन अंथरलं की ते त्यातला थोडा पिऊन टाकतं. पुरेसं व्होल्टेज दिलं की पिणं थांबतं आणि प्रकाश पुढे जातो. हे फार वेगाने चालू-बंद करता आलं, तर प्रकाशातून निरोप पाठवता येतो. मला अजून एवढंच नीट सांगता येतं.

मोजणीआधी दादा खोलीतली ट्यूब बंद करायचा. खरं तर चिपमधला प्रकाश डोळ्यांना दिसणारा नव्हेच, आणि यंत्राला ट्यूबचा काही त्रासही नव्हता. "दादा, काय दिसनार हाय?" मी चिडवायचे. "दिसनार नाय. पन बघायला काय जातंय?"

दिवसकार्य झाल्यावर मी धसईला गेले. त्याच्या आईने, काकींनी, एकच विचारलं, "त्याचा त्यो उजेड... झाला का गो? झाला की सांगतो बोललेला." मी म्हटलं, "बघते, काकी." पण चिप एकच होती. व्होल्टेज जास्त झालं तर थर जळतो, मग त्याचं काहीच उरलं नसतं. मी टाळत राहिले.

मागच्या आठवड्यात मोजणी केली. व्होल्टेज अगदी हळू वाढवत होते. पुढे जाणारा प्रकाश दाखवणारी यंत्रावरची रेघ बराच वेळ सपाट राहिली... मग वर चढली. मी काकींना फोन लावला.

"कसा दिसतो गो?"

"दिसत नाय, काकी. यंत्रावर रेघ चढते, त्यावरनं कलतं."

"मंग चढली ना?"

"चढली."

"बरा झाला. जेवलीस का?"

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, खोलीतली ट्यूब बंद होती. मी ती कधी बंद केली, आठवत नाही.