पट्टा काढलेली मशीन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या चौकात अमावस्येला कुणी ना कुणी लिंबू उतरवून टाकतं. बाकीच्या बायका पदर सावरून कडेने जातात, मी त्यावरून सरळ स्कूटी घालते. माझी जाऊ म्हणते, तुला एक दिवस कळेल. मी म्हणते, टायर पंक्चर झालं की कळेल. या पेजवरचे अनुभवही मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आले, आणि खरं बोलायचं तर हसतच आले. आता माझाच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा... कारण मला खरंच काहीतरी विचारायचंय.

मी शेवगावला राहते. पुढच्या खोलीत माझं शिलाईकाम, मधे स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली, की संपलं घर. आमच्या ह्यांचा टेम्पो आहे. कांद्याच्या गोण्या घेऊन सकाळी गेले की संध्याकाळीच तोंड दिसतं. मुलगी लग्न होऊन सुरतला गेली. म्हणजे दिवसभर घरात मी आणि माझी मशीन.

काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ब्लाऊज कटिंगचा क्लास केला होता. क्लास संपला, त्याचा ग्रुपही थंडावला, पण आम्ही तिघी टिकलो – मी, श्रीगोंद्याची शबाना आणि पारनेरच्या मंदाताई. प्रत्यक्ष कधी भेट नाही. पण दुपारची जेवणं झाली की तिघींचा कॉल लागायचा. फोन मशीनला टेकवून ठेवायचा आणि आपापलं काम करत बसायचं. बोलणं फार नाहीच. मधेच कुणीतरी विचारणार, कटोरीला शिवणीपुरती किती माया सोडलीस गं... नाहीतर नुसते तीन मशिनींचे आवाज. ह्यांना वाटायचं बायको वेडी झाली. पण रिकाम्या घरात त्या आवाजांची किती सोबत होते, ते एकटं बसून काम करणाऱ्यालाच कळेल.

असं करता करता एकमेकींच्या मशीनचा आवाज आम्हाला पाठ झाला. शबानाची मोटरवरची, सारखी घूं करणारी. मंदाताईंची पायाची, पण नवीकोरी, गुपचूप चालणारी. माझीही पायाचीच, पण ती एकदा टेम्पोतून उतरवताना आपटली होती, तेव्हापासून चाकाच्या दर फेऱ्याला एक 'खट' वाजतं. नुसत्या आवाजावरून समोरची काय शिवतेय तेही कळायचं. बाही असली की जरा चालते, थांबते, वळते, पुन्हा चालते. लांब शिवण असली की एका दमात जाते.

यंदा ऐन लग्नसराईत माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचलायचं नाही आणि पायमशीन तर अजिबात नाही. माझा स्वभाव ह्यांना माहीत. मी दवाखान्यात असतानाच त्यांनी मशीनचा चामड्याचा पट्टा काढला आणि चक्क टेम्पोत नेऊन ठेवला. तो पट्टा खालचं मोठं चाक आणि वरची मशीन जोडतो. तो नसला की पायडल कितीही मारा, सुई जागची हलत नाही. मी चिडले, पण मनातून बरंही वाटलं.

सुरुवातीला जाऊ येऊन राहिली. मग तिचंही घरदार, ती गेली. खरी साथ दिली ती ह्या दोघींनी. दुपारचा कॉल त्यांनी बंद होऊ दिला नाही. फोन माझ्या उशाशी, त्या तिकडे शिवतायत, मी इकडे पडलेय. गोळ्यांची वेळ झाली की शबाना ओरडणार. मंदाताई म्हणणार, ऊठ, घरातल्या घरात चाल जरा, न्हाईतर पोटात गॅस धरंल. मी चालायला लागले की त्या फोनवरून माझ्याशी गप्पा मारत राहायच्या. शबानाने तर शेजारच्या कुसुमवहिनींचा नंबरही मागून घेतला. म्हणाली, तू पडलीस तर मी काय श्रीगोंद्यावरून उडत येऊ? सख्ख्या बहिणी एवढं करत नाहीत, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

आणि त्याच शबानाशी माझं कडाक्याचं भांडण झालं.

एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते. फोनवरून एकदम शबानाचा आवाज आला, "सुरेखा, ऊठ मशीनवरून."

मला वाटलं गंमत करतेय. म्हटलं, पलंगावरून उठते आधी. तर मंदाताईही म्हणाल्या, असं करू नको बाई, टाके उसवतील. दोघींना माझी मशीन ऐकू येत होती. तीच, दर फेऱ्याला 'खट' करणारी. मी परोपरीने सांगितलं की मी अंथरुणात आहे, पट्टा टेम्पोत आहे. शबाना ऐकेना. तिला वाटलं, लग्नाच्या ऑर्डरी अडकल्यात म्हणून मी चोरून बसलेय. शिवणकाम करणारी बाई असंच करणार, हे तिला स्वतःवरून माहीत. शेवटी ती म्हणाली, "आमी तुज्यावर इतका जीव टाकतोय आन् तू आमच्याशीच खोटं बोलती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉल कट केला आणि नंतर त्यांचे फोनही उचलले नाहीत. पण रिकाम्या घरात पडून पडून मला रडूच कोसळलं. पोट दुखत होतं, आणि ज्यांच्या जिवावर दिवस ढकलत होते त्यांनाच मी खोटारडी वाटत होते.

शबानाचा व्हॉइस मेसेज आला. चुकलं म्हणाली, तू शिव न्हाईतर नाच, पण कॉलवर ये, आमाला घोर लागलाय. तेव्हा मी पुन्हा कॉल लावला. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग दोघी एकदम गप्प झाल्या.

"येतोय का आवाज?" मीच विचारलं.

"येतोय," मंदाताई म्हणाल्या.

शबानाने आधी स्वतःची मशीन बंद केली, मंदाताईंना करायला लावली. तरी आवाज चालूच म्हणे. आमच्याकडे लाइट गेलेली, पंखा बंद, कुसुमवहिनींच्या घरी सामसूम. मी श्वास रोखून कान दिला. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आता मात्र माझं डोकं सणकलं. म्हटलं, थांबा, सोक्षमोक्षच लावते. व्हिडिओ चालू केला, एक हात पोटावर धरला आणि भिंतीच्या आधाराने निघाले.

स्वयंपाकघरात आले तशी शबाना म्हणाली, आवाज वाढला. पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले तर म्हणाली, आता लई जवळ आहे. मशीनवर माझ्या जुन्या साडीचं झाकण होतं तसंच होतं. मी ते ओढून काढलं. पट्टा नाही. चाक जागच्या जागी. सुईला दोरासुद्धा नाही. मी चाकावर तळहात ठेवला. गार आणि स्थिर. फोन तसाच मशीनसमोर धरला होता, त्यात दोघींचे चेहरे मला दिसत होते. शबानाने तोंडावर ओढणी धरली होती.

"हात काढ तिथनं," ती म्हणाली. "ती चालू हाय."

मी कशी मागे फिरले, अंथरुणात कशी पडले, मला आठवत नाही. इतक्या वर्षांत ज्या मशीनने मला हात दिला, तिचीच मला भीती वाटली, याचं फार वाईट वाटलं. दोघी त्यानंतर संध्याकाळपर्यंत फोनवरून हलल्या नाहीत. माझ्यावर अविश्वास दाखवल्याबद्दल शबाना पुन्हा पुन्हा माफी मागत होती. मी म्हटलं, मर तिकडे, माफी नको, नुसती बोलत राहा.

आमचे हे आले, त्यांना सांगितलं. त्यांनी टॉर्च घेऊन मशीन पाहिली, खाली वाकून पाहिली आणि म्हणाले, मोबाईलचा फॉल्ट असेल, दुसऱ्याचा आवाज मिसळतो कधी कधी. हवं तर मशीन बाहेर काढतो म्हणाले. मी नको म्हटलं. मला वाटलं, बाहेर काढली तर मी हे खरं मानलं असं होईल.

त्यानंतर रोज दुपारी त्यांना तो आवाज येत राहिला. मला कधीच आला नाही. मी विचारायचे नाही, त्या सांगायच्या नाहीत, पण दोघींचं बोलणं मधेच अडखळलं की मला कळायचं.

मग तो दिवस आला. सकाळपासून मला कसनुसं होत होतं. भर उन्हाळ्यात थंडी वाजत होती. वाटलं, रात्री झोप नाही म्हणून असेल. हे टेम्पो घेऊन गेले होते. जेवण गेलं नाही. कॉल लावला, मी जरा पडते गं एवढं म्हटलं आणि चादर ओढून घेतली. पुढचं मला काही माहीत नाही.

माहीत आहे ते सगळं कुसुमवहिनींकडून. त्यांना शबानाचा फोन आला. ओळख ना पाळख, फोनवर कुणी बाई रडत सांगतेय, पळत जा, सुरेखाला बघा. वहिनी मागच्या दाराने आत आल्या. मी तापाने फणफणलेली, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. टाक्यांतून पाणी येऊन गाऊन भिजलेला. त्यांनीच रिक्षा बोलावली, ह्यांना फोन लावला. इथून मला थेट नगरला हलवलं. पोटात पू झाला होता, विष सगळ्या अंगात भिनायला लागलं होतं. पोट पुन्हा उघडावं लागलं. डॉक्टर ह्यांना म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर आमच्या हातात काही राहिलं नसतं.

संध्याकाळपर्यंत... म्हणजे हे घरी येईपर्यंत. रोजच्यासारखे.

वाचले. घरी आले. थोडी उठून बसायला लागले तशी शबाना तिच्या नवऱ्याबरोबर गाडीवर आली, मंदाताई एसटीने आल्या. पहिल्यांदाच तिघी समोरासमोर. शबाना फोनमध्ये दिसते त्याहून बुटकी निघाली, त्यावरून आम्ही हसलो, मग गळ्यात पडून तिघी रडलो. नवरेमंडळी चहा घेऊन बाहेर ओट्यावर गेली. तेव्हा मी शबानाला विचारलं, तुला त्या दिवशी कळलं कसं?

ती म्हणाली, "तू झोपली तशी मशीन लागली. लांब शिवण चाललेली, आन् मधेच थांबली. शिवणीच्या मधे अशी कोण सोडतं का? तुला हाका मारल्या, तू बोलंना. मंग मी आपला कॉल सोडला आन् वहिनींना लावला."

मी तिचा हात धरला. म्हटलं, मग त्या मशीननेच मला वाचवलं म्हणायचं. हे म्हणताना मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस जिला घाबरले ती माझ्याच बाजूची निघाली.

शबाना हसली. मंदाताई नाही हसल्या. त्या कपाकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं ताई? त्या म्हणाल्या, काही न्हाई. मी हट्टच धरला. मी असल्या बाबतीत गप्प बसत नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. शबानाने कॉल सोडला, पण त्या कॉलवर होत्या. मला हाका मारत होत्या.

"ती पुन्हा चालू झाली," मंदाताई म्हणाल्या. "व्हती ती शिवण पुरी केली. शेवटाला मागं-पुढं करून टाका पक्का केला. मंग कात्री वाजली. आन् त्याच्यावर कुसुमवहिनींची हाक आली."

हे शबानालाही नवीन होतं. मी विचारलं, काय शिवत होतं ते? तुम्ही दोघी एवढं ऐकून ओळखता, मग सांगा. ब्लाऊज होता?

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाही नव्हती म्हणाल्या. गळा नव्हता. सगळ्या दिवसांत कुठे वळण म्हणून नाही, नुसत्या लांब सरळ शिवणी, अख्खा माणूस झाकेल एवढ्या चादरीला मारतात तशा.

ह्यांनी टेम्पोतून पट्टा आणून दिलाय. आता मी रोज मशीनवर बसते, दुपारी कॉलही लागतो. दोघींना आता फक्त मी शिवते तेव्हाच आवाज येतो. हे म्हणतात, वाचलीस ना, मग कशाला डोकं शिणवतेस. नगरचे डॉक्टर म्हणाले, मैत्रिणींचे आभार मान. ते मी मरेपर्यंत मानीन.

पण तुम्हाला विचारायचं होतं ते हे. शबाना म्हणते मशीन थांबली म्हणून मी वाचले, आणि ते खरंच आहे. मंदाताई म्हणतात तिने काम पुरं केलं, आणि मंदाताई खोटं बोलणाऱ्या नाहीत. मी शिवणकाम करणारी बाई आहे. शिवून झालेला कपडा आम्ही टाकून देत नाही, घडी करून ठेवतो, ज्याचा असेल तो येईपर्यंत. तुमच्यापैकी कुणाला याचा काही अर्थ लागत असेल तर सांगा. मला अजून लागलेला नाही.