अंगाला सवय होऊ न देणारे मावसाजी

स्वतःच्या शरीरावर माझ्या मावसाजींइतका अविश्वास दाखवणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नसेल. लोक भावकीवर संशय घेतात, पटवाऱ्यावर घेतात. मावसाजींचा संशय स्वतःच्या मांड्यांवर, पोटावर आणि दंडांवर होता. ही मंडळी आपल्या नकळत कामचुकारपणा करतात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांना कामाला लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. माझीही काही गेली. शेलूबाजारच्या पलीकडे आडवळणाला त्यांचं गाव. तिथल्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो आणि जेवायला मावशीकडे राहिलो. त्यामुळे मावसाजींच्या प्रत्येक व्यायामाला मी बिनपगारी हजर असे. आजही त्यांची आठवण झाली की आधी माझ्या पोटऱ्या दुखतात आणि मग त्यांचा चेहरा समोर येतो.

तसं पाहिलं तर हा हौसेचा मामला नव्हता. मावसाजींच्या घराण्यात अंग मूळचंच थोराड. त्यांचे वडील ऐन उमेदीत खळ्यावर बसल्या बसल्या छाती धरून गेले, आणि थोरले भाऊही तसेच गेले. भावाची तेरवी झाल्यावर वैद्यांनी मावसाजींना बाजूला घेऊन सांगितलं की हे वजन उतरवा, नाहीतर पुढची पाळी तुमची. मावशीनं त्याच दिवशी त्यांच्या ताटातलं तूप बंद केलं आणि मावसाजी चालायला लागले. शेतापर्यंत, मग शेताच्या पुढे, मग थेट बाजारापर्यंत. पहिले काही महिने वजन असं झरझर उतरलं की शिंप्यानं सदरे आवळता आवळता हात टेकले. बाजाराच्या दिवशी मावसाजी अडतीत जाऊन काट्याच्या पारड्यात बसत. अडत्या बिचारा हात जोडून म्हणे, "मालक, उतरा आता. ज्वारी तोलायची हाय."

आणि मग एक दिवस काटा थांबला. चालणं तेच, भाकर तीच, घाम गाळायचा प्रयत्नही तेवढाच. पण पारडं हलेना. बाजाराच्या गावी एक डॉक्टर बसत. त्यांनी समजावलं, "सुरुवातीला तुमचं अंग नवखं होतं. नव्या गोऱ्ह्याला जुंपलं तर चार पावलांत तोंडाला फेस येतो. रुळलेला बैल तीच गाडी निवांत ओढतो. शिवाय तुम्ही हलके झालात, म्हणजे ओढायचं ओझंही कमी. मग जळणारही कमीच. आता थोडं जास्त करा, नाहीतर काहीतरी नवं करा."

दुसऱ्या कुणालाही हे ऐकून बरं वाटलं असतं. मावसाजींना मात्र चोर सापडल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, "म्हंजे मी जितका सुधारतो तितकं हे कमी जाळते? अंग हाय का सरपण वाचवणारी सासू?" आणि डॉक्टरांच्या बोलण्यातलं फक्त 'नवं' तेवढं त्यांनी उचललं. अंगाला कशाचीच सवय होऊ द्यायची नाही.

विहिरीत पोहायला शिकले तेव्हा पाणी काठावर उडे, आणि मावसाजी खूश असत. ज्या सकाळी ते आवाज न करता पाण्यावर तरंगले त्या सकाळीच बाहेर आले ते पुन्हा उतरले नाहीत. अंगणात मल्लखांब पुरला. त्यावर टिकता येऊ लागलं तसा तो मावशीला वाळवणाची दोरी बांधायला देऊन टाकला. जातं ओढू लागले. पीठ बारीक पडायला लागलं की जातं सोडलं. सायकल आणली, कपाशीत पडून पडून शिकले, आणि सरळ चालवता येताच विकली. शेवटी बाजारापर्यंत उलटं चालायचं ठरलं. ते पाठमोरे, मी समोर, आणि वाटेचे डोळे माझे. "मास्तर, म्हैस आली तं सांगजा." मी म्हशी सांगत असे, बोरीचे काटे सांगत असे, आणि घरी येऊन जेवणाआधीच झोपत असे.

मावशी म्हणायची, "यायले जे येते ते सोडते, अन् येत नाई ते धरते. मले कसं काय ठेवलं एवढी वर्षं?"

"तू कोठं समजली मले अजून," मावसाजी म्हणत.

काटा मात्र हलला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते आपल्या पोटऱ्या दाबून पाहत आणि थकल्या आवाजात म्हणत, "थकवा येत नाई, याचाच थकवा आला रे."

एका भादव्यात मावशीला ताप भरला. दोन-तीन दिवसांत ती बरळायला लागली, श्वास वर लागला. बैलगाडी जुंपून निघालो, पण नाल्याच्या पुढे काळ्या चिखलात चाकं आसापर्यंत रुतली आणि बैल बसले. मावसाजींनी गाडीकडे एकदा पाहिलं. मग मावशीला गोधडीत गुंडाळलं, एका जुन्या धोतरानं आपल्या पाठीशी बांधून घेतलं आणि चालायला लागले. मी छत्री धरून मागे. मला त्यांच्या मानेखेरीज काही दिसत नव्हतं, आणि मनात त्यांचे वडील अन् भाऊ येत होते. मावशीच्याही मनात तेच असावं. तापातही ती म्हणाली, "उतरवा मले. तुमच्या छातीले काही झालं तं?"

"तू निजून राह्य," ते म्हणाले. "अंगाले ठाऊक हाय रस्ता."

डॉक्टरांच्या बाकावर त्यांनी तिला अलगद ठेवलं. मी दारातच बसकण मारून अशा धापा टाकत होतो की डॉक्टर आधी माझ्याकडेच धावले. फुफ्फुसाला सूज होती. रात्र अशीच गेली असती तर ती हाती लागली नसती, असं ते नंतर म्हणाले. तिला आत घेतल्यावर मावसाजी पायरीवर आले, छातीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"मास्तर, मी दमलोच नाई," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "एवढं वाचवून ठेवलं होतं या अंगानं. अन् मी याले शिव्या देऊन राह्यलो होतो." मग ते पायरीवर बसले आणि तोंडाला पंचा लावून रडले.

मावशी उठली. त्यानंतर मावसाजींनी नवं काही धरलं नाही आणि काट्यावरही बसले नाहीत. तीच वाट, तीच चाल, वजन होतं तेवढंच. वडिलांच्या अन् भावाच्या वयापुढे ते आरामात निघून गेले. मावशी त्यांच्या आधी गेली.

माझी बदली मानोऱ्याला झाली होती. शेवटचा भेटलो तेव्हा मला मोटारीपर्यंत पोचवायला ते आले. अर्ध्या वाटेत थांबून, "जरा टेकू," म्हणाले. आम्ही बांधावर बसलो. कपाशी फुटली होती. त्यांनी आपल्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. दुरून मोटारीची धूळ दिसली तसा मी उठू लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"जाऊ दे. दुसरी येईल."

मोटार समोरून गेली. मी हात केला नाही.