शेजारी कुणाला बसवायचं

आयटी पार्कजवळच्या कासारसाईतल्या आमच्या घरमालकीण मावशी भाडेकरूचं नाव विचारायच्या आधी त्याची कंपनी विचारायच्या. एक भातखाचर विकून त्यांनी बारा खोल्या बांधल्या होत्या. कुठल्या खोलीतला पोरगा जावा लिहितो, कुणाच्या कंपनीत भरती चालू आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. जावा म्हणजे काय, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

दर रविवारी त्या सगळ्या भाडेकरूंना अंगणात जेवायला बसवत आणि कुणी कुणाशेजारी बसायचं ते स्वतः ठरवत. बेकार नेहमी नोकरीवाल्याशेजारी. मी परभणीहून येऊन सात महिने रिकामा होतो. ऑनलाइन अर्ज करकरून थकलो आणि परत जायला बॅग भरली, तर त्यांनी ती आत ठेवून दिली. "त्या कंप्युटरला तुजं त्वांड ठावं न्हाई. हितं बस, ह्येच्याशी बोल," म्हणत मला एका टेस्टिंगवाल्याशेजारी बसवलं. मी लाजून आमटीच ओरपत राहिलो, तेव्हा पाठीत मावशींचा गुद्दा बसला. मग बोललो. दीड महिन्यात त्याच्याच कंपनीत लागलो.

पुढे त्यांची मुलगी सोनाली कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि नेमकी तेव्हाच भरती थांबली. खोल्या रिकाम्या होत गेल्या. रविवारच्या पंगतीत सगळेच बेकार. मावशींनी जुन्या भाडेकरूंना एकेक करून फोन लावले. मी सोनालीचं नाव आमच्या कंपनीत पुढे केलं. "थांबा," एवढंच उत्तर वर्षभर मिळत राहिलं.

गेल्या महिन्यात मलाच काढलं. तेच सांगायला कासारसाईला गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच मावशी चहा ओतत म्हणाल्या, "लवळ्याच्या कालेजात हापिसात सोनालीला कामाला बोलावलंय, उद्या हजर व्हायचंय. पन ती म्हनती, दादाच्या कंपनीत हुईल. तू हायेस ना तितं?"

सोनाली दारात उभी होती. मोठ्या विश्वासानं ती माझ्याकडे बघत होती.

"आहे ना," मी म्हणालो.

मावशींनी माझ्यासमोरच लवळ्याला फोन लावला. "आमची पोर येनार न्हाई. तिचं दुसरीकडं हुतंय." मग समाधानानं बशी माझ्यापुढे सरकवली.

त्या क्षणीही खरं सांगता आलं असतं. मी चहा संपवला आणि निघालो.