पेट्यांच्या तुटवड्याची बातमी

माझ्या प्लायवुडच्या दुकानात चहा प्यायलेल्या प्रत्येक माणसाला माझी एक गोष्ट पाठ आहे. कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी भरवर्गात माझं हसं कसं केलं, आणि मी कसा इरेला पेटलो, ती. ती मी चढ्या आवाजात सांगतो. अजूनही सांगताना कानशिलं तापतात. गोष्ट खरी आहे, तिच्यात भेसळ नाही. पण मी जिथे संपवतो तिथे ती संपत नाही. पुढचं बायकोलाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतो — मला मध्ये अडवू नका. थांबलो तर मी पुन्हा भाव करायला बसेन. तो माझा स्वभाव आहे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. मी रत्नागिरीत एस. वाय.ला होतो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका छापखान्यात कंपोझिटर. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि मालकांचं चार पानी साप्ताहिक — सगळ्याचे शिशाच्या अक्षरांचे खिळे मी जुळवायचो. घरून एक पैसा येत नव्हता. म्हणून माझा तोरा जरा जास्तच होता, हे कबूल.

सरांनी त्या वर्षी नवीन टूम काढली. प्रत्येकाने वर्तमानपत्रातली एक बातमी कापून आणायची, वहीत चिकटवायची आणि तिच्यावर अर्थशास्त्राच्या अंगाने दोन पानं भाष्य लिहायचं. वीस मार्क. ‘भाष्य कुणीही लिहील,’ सर म्हणाले, ‘बातमी निवडण्यातच निम्मं काम आहे. लहान हवी. ताजी हवी. तिच्यात एकच घडामोड हवी. आणि अर्थ पेपरवाल्याने लावलेला नको, तो तुम्ही लावायचा.’

सोपं वाटतं ना? करून बघा! मी पहिल्यांदा अर्थसंकल्पाची बातमी नेली. सरांनी ती दोन बोटांत धरली — ‘अख्खा देश दोन पानांत बसवणार?’ दुसऱ्यांदा रॉकेलच्या रांगेची नेली. ‘यात रांग आहे, किंमत कुठाय?’ तिसऱ्यांदा चक्क अग्रलेख कापून नेला. सर चष्मा काढून म्हणाले, ‘अरे, विचार सगळा यानेच करून ठेवलाय. तू काय करणार, खाली सही?’ वर्ग खदखदून हसला. मुलीसुद्धा. वर सर म्हणाले, ‘दिवसभर खिळे उचलतोस, पण वाचतोस का कधी?’

ते मला लागलं. आजही लागतं. गरिबाच्या पोराला त्याच्या कामावरून बोलायचं? त्याच रागात मी छापखान्यात जाऊन अलीकडच्या अंकांचे गठ्ठे उपसले. चार दिवस! कुठे दोन कारणं एकमेकांत अडकलेली, कुठे किंमतच नाही, कुठे बातमीदाराचं शहाणपण. आणि पाचव्या दिवशी, हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर खिळ्यांची केस — मला सुचलं. सापडत नाही ना? मग करू या!

काय सांगू तुम्हाला, तसा आनंद मला पुढे मोठ्या सौद्यातही झाला नाही. सरांची एकेक अट डोक्यात ठेवून मी बातमी सरळ खिळ्यांतच रचली, आधी कागदावर लिहिलीसुद्धा नाही. जानेवारी होता, कलमं मोहोरली होती, गावभर आंब्याचाच विषय. मी जुळवलं : पेट्यांसाठी लागणाऱ्या लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंध येणार असल्याचे समजते. त्यामुळे यंदा आंब्याच्या पेट्यांचा मोठा तुटवडा पडून त्यांचे दर भडकतील, अशी चिन्हे आहेत. बस्स! एक कारण, एक वस्तू, एक किंमत. आलेखातली पुरवठ्याची रेघ आपोआप डावीकडे सरकते. आणि ते ‘समजते’ बघा — कुणाला समजते, कुणाकडून समजते, कोण विचारणार?

मालक जेवायला गेले होते. पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर न्यूजप्रिंटचा एक तुकडा मारला. मग लक्षात आलं, कात्रणाची मागची बाजू कोरी कशी असेल? तिथे एका टेलरिंग दुकानाच्या जाहिरातीचा अर्धा तुकडा छापला, शब्द मध्येच तोडून. कात्रीने कड जरा वाकडी कापली. शाई वाळेपर्यंत मला धीर निघत नव्हता. मी एकटाच हसत होतो!

सरांनी विचारलं, ‘कुठल्या पेपरातली?’ मी म्हटलं, आमच्या साप्ताहिकातली. ‘त्यात वाचण्यासारखं असतं होय?’ पुन्हा हशा. पण मग त्यांनी बातमी वाचली, परत वाचली, वही वर धरली आणि म्हणाले, ‘बघा. बातमी अशी निवडतात.’ सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. कात्रण त्यांनी नमुना म्हणून वर्गाबाहेरच्या फळ्यावर लावलं. टाचण्या मीच दिल्या.

आठवड्याने मार्क आले. वीसपैकी बारा. ‘बातमी उत्कृष्ट, भाष्य साधारण.’ बारा? माझं डोकं फिरलं. मी तडक स्टाफरूममध्ये घुसलो. ‘निम्मं काम बातमी निवडण्यात, हे तुम्हीच म्हणालात सर. मग तिचे दहा पूर्ण द्या. आणि भाष्य साधारण म्हणजे नापास तर नव्हे, त्याला चार धरा.’ बाकीचे प्राध्यापक हसू दाबत होते. शेवटी सरांनी लाल पेन काढलं — ‘घे बाबा चौदा. तू वकील तरी हो, नाहीतर दलाल तरी.’

चौदा! मी उड्या मारतच बाहेर आलो. फळ्यासमोर वसंता उभा होता.

वसंता माझ्या बाकावरचा. हेदवीच्या अलीकडे एका वाडीत त्याचं घर. वडिलांची थोडी हापूसची कलमं, त्यांच्यावरच त्याचं शिक्षण. तो ती बातमी पोस्टकार्डावर उतरून घेत होता, अक्षरन् अक्षर. मला बघून म्हणाला, ‘हे खरं हाय ना रे? तू छापखान्यात असतोस, तुला ठाव असणार. बापूस यंदा पहिल्यांदाच स्वतः पेट्या भरून मुंबैस माल धाडणाराय. व्यापारी दारात येऊन बसलाय, मोहोरावरच बागेचं यंदाचं फळ द्या म्हणतो, पण बापूस ऐकत नाय. पेट्याच नसतील तर आंबा काय पाटीतून न्यायचा?’

आता बघा. तिथे दुसरं कुणी नव्हतं. ‘येड्या, ती मी केलीय’ — एवढंच म्हणायचं होतं. तो हसला असता. पाठीत गुद्दा घातला असता. आणि मग? त्याने कुणालाच सांगितलं नसतं? दोन मार्क मी आत्ता, या क्षणी, भांडून वाढवून घेतले होते. ‘बातमी अशी निवडतात’ हे वाक्य अजून कानात होतं. ते सगळं परत द्यायचं?

मी म्हणालो, ‘छापून आलंय म्हणजे काहीतरी असणारच.’

तेवढ्यावरही थांबलो नाही. त्याने विचारलं, ‘मग काय कळवू?’ आणि मी — ज्याला आंब्यातलं काही कळत नव्हतं — ऐटीत सांगितलं, ‘व्यापाऱ्याकडे त्याच्या पेट्या असतात. देऊन मोकळे व्हा म्हणावं.’ अर्थशास्त्र चढलं होतं मला! वसंताने पोस्टकार्डाच्या कडेला तेही बारीक अक्षरात लिहिलं. टपालपेटीत कार्ड टाकायला मी त्याच्याबरोबर गेलो.

त्याच्या वडिलांनी व्यापारी म्हणेल त्या भावात बाग दिली. पुढे मोसम आला. वाहतूक चालू होती, पेट्या रस्त्यारस्त्यांवर रचलेल्या होत्या, आणि त्या वर्षी फळ असं लागलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. वडिलांनी आपल्याच कलमांखाली दुसऱ्याची माणसं पेट्या भरताना बघितली.

मे संपता संपता वसंता पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर आला. तिसऱ्या वर्षाची फी नव्हती. मुंबईत मामाने एका गोदामात चिकटवून दिलं होतं. मी सोडायला गेलो होतो. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, ‘पेपरवाल्यांचं काय जातंय रे, कायपण छापतात.’

माझ्या तोंडून तेव्हा तरी निघायला हवं होतं. निघालं ते हे — ‘भिकारचोट साले! यांना फोडून काढलं पाहिजे!’ मी खरंच ओरडत होतो. मूठ आपटत होतो. हमालांनी वळून बघितलं. माझा राग खोटा नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

वसंताने माझा हात धरला. ‘जाऊ दे रे. तू कशाला डोकं तापवतोस? तुझा काय दोष त्यात? तू तर छापलेलंच सांगितलंस.’ मग मला बाकावर बसवलं आणि स्वतःच्या पैशाने सोडा आणून दिला.

गाडी लागेपर्यंत तो माझी समजूत घालत होता. आणि मी ती घालून घेतली.