गोंगाटाचा भक्त

अख्ख्या नाशकात गोंगाटाबद्दल कृतज्ञ असलेला माणूस एकच आहे आणि तो नेमका माझ्या बहिणीचा दीर आहे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही. सातपूरला थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या दाजींकडे राहतात. त्यांची खोली पत्रे कापणाऱ्या वर्कशॉपच्या बरोबर वर आहे आणि ती त्यांनी भांडून मिळवलेली आहे. रेडिओ ते दोन स्टेशनांच्या मधे लावतात आणि त्या खरखरीला मान डोलावतात. अडकलेला ड्रॉवर असो की डब्यात घट्ट बसलेला गूळ, जोर म्हणून लावायचा नाही. नुसतं आडवंतिडवं हलवत राहायचं. एकदा माझी स्कूटर काही केल्या सुरू होईना. मी किक मारून घामाघूम झालेला, आणि हे म्हणतात, "जोर नको. तिला जरा गोंधळात टाका." स्वतःच तिला दोन्ही बाजूंना गदागदा हलवलं. दुर्दैवाने ती सुरू झाली.

त्यांचं सगळं संशोधन अशा अडकलेल्यांवरच. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला ते आमटीच्या वाटीवरून समजावलं. समजा, एक कण खड्ड्यात बसलाय. पलीकडे याहून खोल खड्डा आहे, पण मधे टेकाड. कणाला वाटतं, आपलं आता कायमचं बस्तान बसलं. पण भोवतालचा गोंगाट त्याला बारीक बारीक धक्के देत असतो, वेडेवाकडे, कसलाही हेतू नसलेले. कधीतरी त्यातले पुरेसे धक्के एकाच दिशेने जुळून येतात आणि गडी पलीकडे. "आणि क्वांटमच्या जगातला कण तर टेकाड न चढताही आरपार जाऊ शकतो," ते म्हणाले. "गोंगाट तिथे कधी त्याला मदत करतो, कधी उलट जागीच धरून ठेवतो."

"पण निघणार कधी?"

"ते सांगता येत नाही. सरासरी सांगता येते."

तेवढ्यात वाढप्याने वाटी काठोकाठ भरली आणि खड्डा बुजला.

मग दाजींचे वडील गेले आणि त्यांच्या आईंनी बोलणंच सोडलं. जन्मभर मळ्यातली भाजी बाजारात विकलेली ती बाई, खिडकीशी बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, बिघाड काही नाही, वेळ द्या. बहिणीने घरात शांतता पाळायला लावली. कुकरची शिट्टीसुद्धा टॉवेलमधे गुंडाळली. एके सकाळी या गृहस्थांनी घडीची खुर्ची उचलली, आईला रिक्षात बसवलं आणि थेट भाजीबाजार गाठला.

"भाऊजी, आईंना विश्रांती हवीय!" बहीण ओरडली.

"वहिनी, विश्रांतीतच तर ती अडकलीय."

लक्ष ठेवायला म्हणून बहिणीने मला सोबत धाडायला सुरुवात केली. हातगाड्यांच्या मधोमध खुर्ची मांडायची आणि आम्ही दोघांनी मागे उभं राहायचं. हमाल खेकसत, टेम्पो हॉर्न मारत, बायका भाव ओरडत. आई गप्प. आठवड्यांमागून आठवडे असेच गेले. एकदा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मी चुकत असेन का हो? कणांना निदान दुःख तरी नसतं."

त्याच सकाळी शेजारची गाडीवाली कोथिंबिरीवर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होती.

"ए बाई," खुर्चीतून आवाज आला, घोगरा, "लय पाणी मारू नको. कुजंल ना ती!"

"मग काय करू, आजी?"

"गोणपाट ओलं कर. वरून टाक."

मी यांच्याकडे पाहिलं. "एका प्रसंगावरून निष्कर्ष काढता येत नाही," ते म्हणाले. पण हे त्यांनी कांद्याच्या गोण्यांकडे तोंड करून सांगितलं, आणि बराच वेळ ते तोंड इकडे वळलं नाही.

त्यानंतर आई भरपूर बोलल्या, बहुतेक वेळा यांच्या लग्नाविषयी. "अजून कोनी मिळंल रे तुला," असं पार निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. दहावं उरकल्यावर मी यांच्या खोलीत डोकावलो. सुट्टी असल्याने खालचं वर्कशॉप बंद होतं. शेवटी शेवटी याच खोलीत आणून ठेवलेल्या आईच्या रिकाम्या कॉटकडे ते बघत बसले होते.

"एकदा पलीकडे गेलेला कण परत येण्याची शक्यता अगदीच शून्य नसते," ते म्हणाले. "पण वाट बघण्यात अर्थ नसतो."

मी निघण्यासाठी उठलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"बसा थोडं," ते म्हणाले. "काहीतरी बोलत राहा. विषय कुठलाही चालेल."