चिमूट चिमूट कमी

आमच्या छापखान्याचं कँटीन मामा चालवायचे. ते नक्की कुणाचे मामा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पातेल्यावरचं झाकण उघडलं की सगळेच त्यांचे भाचे व्हायचे. मामांच्या हाताला चव होती आणि जिभेला हाड नव्हतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाचं जावयाशी बिनसलं, सगळं त्यांच्याकडे गरमागरम मिळायचं, तेही मीठमसाला लावून.

एकदा सरकारी पुस्तिकेचं काम आलं. देशातल्या लोकांनी काय खावं, किती खावं, याची नवी मार्गदर्शक तत्त्वं. दोन पाळ्या लावून आम्ही ती छापली. त्यात लिहिलं होतं की मोठ्या माणसाला दिवसभरात जेमतेम एक चमचा मीठ पुरे. साहेबांनी मुद्रितं तपासताना ते वाचलं आणि मामांना बोलावून घेतलं.

"लोकांना शहाणपण छापून द्यायचं आणि आपण कोरडे राहायचं, हे बरं दिसत नाही. सोमवारपासून मीठ निम्मं."

सोमवारी पहिल्याच घासाला दादांनी ताटावरून मान वर केली. दादा मोठ्या यंत्रावरचे, सगळ्यांत जुने. कँटीनमध्ये त्यांचा शब्द म्हणजे निकाल.

"मामा, कोण आजारी आहे?"

"का बरं?"

"नाही, पथ्याचं जेवण दिसतंय, म्हणून विचारलं."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या खिशातून मिठाची पुडी निघाली. लोक पूर्वीपेक्षा जास्तच मीठ खाऊ लागले. ते भुरभुरायचे भाजीवर, पण पडायचं मामांच्या जखमेवर.

शेवटी मामा छापखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेले. ती म्हणाली, "मामा, जीभ हट्टी असते, पण विसरभोळीही असते. आधी होतं तेवढं मीठ पुन्हा घाला. मग दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा. फक्त कुणाला सांगू नका."

"मीठ कमी करीन," मामा म्हणाले, "पण न सांगणं झेपेल असं वाटत नाही."

तरी त्यांनी झेपवलं. मीठ पूर्ववत झालं, पुड्या दिसेनाशा झाल्या. मग चिमूट चिमूट हात आखडत गेला. लसूण आणि लिंबू थोडं पुढे सरकलं. कुणाला पत्ता नाही. दादा तर दुसऱ्यांदा भाजी मागून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता कसे आमचे जुने मामा परत आले!" मामा लगबगीने आत जायचे आणि मोरीशी उभं राहून एकटेच हसून घ्यायचे.

घोटाळा झाला तो घरी. कँटीनमधलं चाखून चाखून मामांची स्वतःची जीभही बदलली होती. एकदा जेवताना ते बोलून गेले, "आज मीठ जरा पुढे गेलंय का?"

मामी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हाच हात आणि हेच मीठ. बिघडलंय ते दुसरीकडेच."

स्वतःला वाचवायला मामांनी सगळी हकिगत सांगून टाकली. मामींनी ती बाजारात दादांच्या बायकोच्या कानावर घातली. पुढचं सांगायलाच नको.

दुसऱ्या दिवशी दादांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "तरीच म्हटलं, अळणी का लागतंय."

"काल दोनदा मागून घेतलीत, तीच भाजी आहे," मामा म्हणाले.

दादांनी मीठ मागवलं, चांगलं सढळ हाताने घातलं, आणि घास तोंडात जाताच खारटपणाने त्यांनी डोळे घट्ट मिटले. सगळं कँटीन बघत होतं. आता माघार कशी घ्यायची? दादांनी ताट पुसून संपवलं, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्यापासून तुमच्याच अंदाजाने घाला. मला बापड्याला मीठ घेत बसायचा कंटाळा येतो."

पुढे काही जणांचं ब्लडप्रेशर थोडं खाली आलं. ते मिठामुळेच, असं सिस्टर छातीठोकपणे म्हणत नाही. मामा म्हणतात, आणि भेटेल त्याला म्हणतात. घरी मात्र त्यांनी तो विषय पुन्हा काढलेला नाही. मामी वाढतात ते मुकाट्याने जेवतात, आणि खाल्ल्या मिठाला जागून "छान झालंय" म्हणतात.